फाटकावरचे दुकानदार

(कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्यातली भाषा आहे तशीच ठेवली आहे.)



मला इथं कवी म्हणून बोलावलंय. पण आज मी कविता वाचणार नाही. कवितेची वही घरी ठेवून हिशेबाची वही घेऊन आलोय. वही माझी नाही, माझ्या मावसभावाची आहे. त्याला मी दादा म्हणतो. तो धारावीत चामड्याची पाकिटं शिवतो.

मी स्वतः मॅट्रिक. न्हावाशेव्याच्या बाजूला कंटेनर रिकामे करतो, कंत्राटावर. कंटेनरचं दार उघडलं की आतली कोंडलेली गरमी तोंडावर येते, मग खोके उतरवायचे. मोबाईलची कव्हरं, दिव्यांच्या माळा, बायकांच्या पर्स, चाकू, खेळणी. यातला बराच माल पुढं जातो कुठं? तर तुमच्या हातातल्या मोबाईलच्या पडद्यावर. तुम्ही बोट लावता आणि खोका दारात येतो. मध्ये किती माणसं वाकली ते पडद्यावर दिसत नाही.

आज त्या मधल्या माणसांपैकी एकाबद्दल बोलायचंय. पोचवणाऱ्या पोराबद्दल आपण बोलतो, बोललंच पाहिजे. पण माल विकणाऱ्या बारक्या माणसाबद्दल कुणी बोलत नाही. कारण आपल्याला वाटतं तो दुकानदार, म्हणजे शेठ, म्हणजे पलीकडचा. मलाही तसंच वाटायचं. मी म्हणायचो, मी हमाल राहिलो, दादा मालक झाला. ही माझी समजूत कशी चुकीची निघाली ते सांगायला उभा आहे.

आधी हा बाजार चालतो कसा ते बघू. ॲमेझॉनवरून घेतलं म्हणजे ॲमेझॉनने विकलं असं आपण धरून चालतो. तसं नसतं. ही कंपनी अमेरिकेत १९९५ साली पुस्तकं विकायला बसली. २००० साली तिने आपल्या पानावर दुसऱ्यांना माल मांडायला जागा दिली. तिचा संस्थापक जेफ बेझोस याने भागधारकांना लिहिलेल्या पत्रात स्वतःच आकडे दिलेत. १९९९ साली तिथल्या विक्रीत बाहेरच्या विक्रेत्यांचा वाटा होता ३ टक्के. २०१८ साली झाला ५८ टक्के. निम्म्याहून जास्त बाजार दुसऱ्याच्या मालावर, दुसऱ्याच्या पैशावर उभा.

आपल्याकडं तर नियमच तसा आहे. परदेशी भांडवलाच्या कंपनीने इथं सहसा बाजार भरवायचा, माल दुसऱ्याने विकायचा. ॲमेझॉन २०१३ साली भारतात आली. फ्लिपकार्ट २००७ साली बंगळुरात निघाली, २०१८ साली तिचा ७७ टक्के हिस्सा वॉलमार्टने १६ अब्ज डॉलरला घेतला. दोन्हीकडं माल मांडणारे लाखांनी. माल त्यांचा, उधारी त्यांची, परत आलेला खोका त्यांचा. बाजार कंपनीचा. अशा विक्रेत्याला ते 'पार्टनर' म्हणतात. पार्टनर म्हणजे भागीदार ना? नफ्यात वाटा आणि तोट्यातही वाटा, तो भागीदार. इथं तोट्याला दादा एकटाच असतो.

मग दादा तिथं गेला कशाला?

धारावीत पूर्वी व्यापारी यायचा. भाव तो ठरवणार, पैसे तीन महिन्यांनी देणार, त्यातही चार डझन 'खराब' म्हणून कापणार. २०१५ साली महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदी बैलापर्यंत आली, चामड्याचे वांधे झाले. २०२० साली लॉकडाऊन. व्यापारी यायचाच बंद झाला. २०२२ साली दादाने नवं मशीन घेतलं हप्त्यावर, आणि एका मोठ्या कंपनीच्या बाजारात खातं उघडलं. त्या कंपनीचं नाव मी इथं घेत नाही. कुठलीही घाला, गोष्ट फार बदलणार नाही.

फोटो मी काढले. वर्णन मी लिहिलं, मॅट्रिकच्या इंग्रजीत. जीएसटीचा नंबर काढला, तेव्हा त्याच्याशिवाय खातंच उघडत नव्हतं. पहिलं पाकीट विकलं गेलं कुठं, तर थेट आसामात. वहिनीने पेढे वाटले.

आणि आणखी एक गोष्ट होती, ती सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. गावच्या आठवडी बाजारात चामड्याचं काम करणाऱ्याची जागा ठरलेली. बाजाराच्या कडेला, उन्हात. आजी सांगायची, पायताण घ्यायला आलेला माणूससुद्धा पैसे वरून टाकायचा. मोबाईलच्या पानावर जात विचारत नाहीत. मोठ्या ब्रँडचं पाकीट आणि दादाचं पाकीट एकाच पांढऱ्या पानावर. दादाने मला फोन दाखवला आणि म्हणाला, "बघ, शेजारी शेजारी बसलोय." त्याचा तो चेहरा मी विसरलेलो नाही. म्हणून सांगतो, ह्या बाजाराला नुसत्या शिव्या घालून भागणार नाही. त्याने दादाला काहीतरी दाखवलं होतं, जे गावाने कधी दाखवलं नाही.

आता वही उघडतो.

पाकिटाची किंमत ५९९ रुपये. त्यातला सरकारी कर ९१. उरले ५०८. कंपनीचं कमिशन, प्रत्येक विक्रीमागं ठरलेली फी, वजनावर पोचवण्याचा आकार, मिळून १५०. त्या फीवर १८ टक्के जीएसटी, २७. हे २७ पुढं हिशेबात वळते होतात म्हणतात, पण आज खिशातनं जातात. उरले ३३१. जाहिरात केली नाही तर पाकीट दिसतच नाही, म्हणून पाकिटामागं सरासरी ४१ रुपये जाहिरातीचे. उरले २९०. चामडं, अस्तर, दोरा, खोका, १९५. उरले ९५.

ह्या ९५ रुपयांत गाळ्याचं भाडं, वीज, मशीनचा हप्ता, दादाची मजुरी आणि हाताखालच्या दोन पोरांची मजुरी. आणि एक पाकीट परत आलं की जाण्या-येण्याचा आकार दादाच्या बोकांडी, दीड पाकिटाची कमाई साफ. एकदा परतीचा खोका उघडला तर आत दादाचं पाकीटच नव्हतं. कुणाचं तरी फाटकं, घामाने काळं पडलेलं जुनं पाकीट. दादाने तक्रार केली. उत्तर आलं, गिऱ्हाईकाला पैसे परत दिले आहेत. गिऱ्हाईक राजा आहे म्हणे. मग त्याची खंडणी दादाने का भरायची?

हे झालं कापण्याचं. आता दिसण्याचं ऐका.

एका वस्तूचं एक पान असतं. त्याच पानावर तीच वस्तू विकणारे दहाजण असू शकतात. पण 'कार्टमध्ये टाका' हे बटण एका वेळी एकाच्याच नावाने चालतं. बाकीचे नऊ खाली बारीक अक्षरात. बटण कुणाला द्यायचं ते कंपनीचं गणित ठरवतं. दादाच्या पाकिटाच्या पानावर एक दिवस दुसराच कोणीतरी येऊन बसला. फोटो मी काढलेला, वर्णन माझं, माल त्याचा रेक्झीनचा, किंमत शंभराने कमी. बटण त्याला. रेक्झीन बघून चिडलेल्या गिऱ्हाइकांच्या शिव्या मात्र त्याच पानावर, म्हणजे दादाच्या पाकिटाखाली. आणि जाहिरातीचे पैसे संपले की दादा कुठं? सातव्या पानावर. सातव्या पानापर्यंत कोण जातो? गावाच्या कडेचा बाजार तो हाच. आपण पुन्हा तिथंच येऊन बसलो, फक्त ऊन लागत नव्हतं.

२०२३ ची दिवाळी. मोठ्या सेलसाठी दादाने उधारीवर चामडं उचललं, चारशे पाकिटं शिवून ठेवली. सेलच्या चौथ्या रात्री खातं बंद. ईमेल आला, तुमच्या मालाच्या अस्सलपणाबद्दल तक्रार आली आहे, मूळ उत्पादकाचं बिल सादर करा.

दादाचा मला फोन. "अरे, मूळ उत्पादक म्हंजे कोण?"

म्हटलं, "माल बनवणारा."

"मग तो मीच की!"

बरोबर आहे. तोच. पण तो स्वतःलाच बिल कसं देणार? आणि चामड्याचं बिल? ते तुकड्याचं चामडं, किलोवर घेतलेलं, चिठ्ठीवर हिशेब. आम्ही मशीनचा फोटो पाठवला. गाळ्याचा भाडेकरार पाठवला. दादाने पाकीट कापताना, शिवतानाचे फोटो पाठवले. उत्तर एकच, दिलेली कागदपत्रं अपुरी आहेत. सात वेळा लिहिलं, सात वेळा तेच उत्तर, काना-मात्रा न बदलता. फोन नंबर नाही, दार नाही, टेबल नाही. सरकारी कचेरीत निदान शिपाई असतो, साहेब कधी येणार एवढं तरी त्याला विचारता येतं. इथं विचारायला माणूसच नाही.

दादाच्या खात्यात विकलेल्या मालाचे ३८,६४० रुपये अडकले. खातं बंद तर पैसेही बंद. माझे स्वतःचे २२,००० त्यात होते. त्या महिन्यात मशीनचा हप्ता चुकला. आणि दादाने हाताखालच्या दोन पोरांची मजुरी थांबवली. पोरं बिहारची. एक रडला, एक न सांगता निघून गेला. हे मी मुद्दाम सांगतो. दादाला दाबलं, दादाने पोरांना दाबलं. दादा वाईट माणूस नाही. पण वरून आलेला भार खालच्याच्या डोक्यावर ठेवायला वाईट असावं लागत नाही, जवळ खालचा माणूस असला की पुरतं.

४७ दिवसांनी खातं उघडलं. कारण? एक ओळ. आम्ही तुमच्या खात्याचा आढावा घेतला आहे. माफी नाही, खुलासा नाही. दिवाळी गेली होती. पाकिटं गोणीत होती. पान कुठल्या कुठं खाली गेलं होतं. आज दादा एका शेठसाठी नगावर पाकिटं शिवतो. नगाला २८ रुपये. शेठचं लेबल लागतं आणि तेच पाकीट त्याच बाजारात विकलं जातं. बटण शेठच्या नावावर आहे.

आता माझ्या आजोबांची गोष्ट ऐका, म्हणजे मी हे सगळं का सांगतोय ते कळेल.

आजोबा मुंबईच्या गोदीत होते. त्यांच्या आधीच्या पिढीची हजेरी कशी लागायची ते ते सांगायचे. पहाटे फाटकावर शे-दोनशे माणसं उभी. टोळीवाला यायचा, बोट दाखवायचा. तू, तू, तू. बाकीचे घरी. बोट का दाखवलं नाही ते विचारायचं नाही. विचारलं तर उद्याही बोट नाही. मजुरीतनं टोळीवाल्याचा हप्ता कापलेला असायचा. गोदी सरकारी, जहाज परदेशी, माणूस कुणाचाच नाही.

कामगार लढले. १९४८ साली गोदी कामगारांच्या नोकरीचं नियमन करणारा कायदा झाला. पुढं मुंबईत बोर्ड आलं, रजिस्टर आलं. नाव रजिस्टरवर चढलं की पाळी क्रमाने. हजर राहिलो आणि काम नसलं तरी हजेरी भत्ता. कामावरून काढायचा तर आरोप सांगायचा, त्याचं म्हणणं ऐकायचं. आजोबांच्या छातीवर बिल्ला होता. तो पत्र्याचा तुकडा नव्हता, बोट मोडल्याची पावती होती ती. आज मी कंत्राटावर आहे, माझ्याकडं बिल्ला नाही. मिळवलेलं कसं निसटतं तेही मी रोज बघतो. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला, तोही असाच लढून. हमालाला कुणी मालक नाही असं म्हणणाऱ्यांना त्या कायद्याने उत्तर दिलं की मालक नसेल तर मंडळ करू, पण माणूस मोकळा सोडणार नाही.

आता सांगा, बटण म्हणजे काय? टोळीवाल्याचं बोटच. जाहिरातीचे पैसे म्हणजे काय? टोळीवाल्याचा हप्ता. खातं बंद म्हणजे काय? उद्यापासून फाटकावर येऊ नको. दादा मालक झाला नव्हता. तो जुन्या फाटकावर जाऊन उभा राहिला होता, स्वतःचा माल डोक्यावर घेऊन. गोदीतला हमाल निदान दुसऱ्याचा माल वाहायचा, बुडाला तर त्याचा बुडायचा.

कुणी म्हणेल, तुझा दादा अडाणी, म्हणून फसला. तर ऐका.

अमेरिकेत २०२३ च्या सप्टेंबरात तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने १७ राज्यांना बरोबर घेऊन ॲमेझॉनवर दावा ठोकला. त्यात आरोप असा की सगळ्या फी आणि जाहिराती धरल्या तर विक्रेत्याच्या उत्पन्नातला निम्म्याच्या जवळपास पैसा कंपनीकडं जातो. तो आरोप आहे, कोर्टाचा निकाल नव्हे. कंपनीला तो मान्य नाही. पण आरोप करणारं तिथलं सरकारच आहे, धारावीतला दादा नाही.

२०२० च्या एप्रिलमध्ये अमेरिकन वर्तमानपत्रात बातमी आली की कंपनीची माणसं बाहेरच्या विक्रेत्यांची खाजगी आकडेवारी बघून कंपनीचा स्वतःचा माल काढतात. म्हणजे दुकान भाड्याने द्यायचं, भाडेकरूचा गल्ला मोजायचा आणि चाललेला माल स्वतः मांडायचा. जुलैमध्ये बेझोसला तिथल्या संसदेच्या समितीपुढं विचारलं. तो म्हणाला, असं करायचं नाही हा आमचा नियम आहे, पण तो कधीच मोडला गेला नाही याची हमी मी देऊ शकत नाही. दादाने असं उत्तर दिलं असतं तर? कागदपत्रं अपुरी!

आपल्याकडं बघा. २०२१ साली रॉयटर्स ह्या वृत्तसंस्थेने कंपनीच्या आतल्या कागदांवरून छापलं की २०१९ च्या सुरुवातीला ॲमेझॉनच्या भारतातल्या बाजारात चार लाखांवर विक्रेते होते, आणि त्यातल्या ३५ जणांकडं सुमारे दोन तृतीयांश विक्री होती. चार लाखांत पस्तीस! उरलेल्या एक तृतीयांशात बाकीचे सगळे, त्यात तुमचे-आमचे दादा. दिल्लीच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेच्या तक्रारीवर स्पर्धा आयोगाने २०२० च्या जानेवारीत ॲमेझॉन आणि फ्लिपकार्टच्या चौकशीचा हुकूम काढला. कंपन्या कोर्टात गेल्या. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने चौकशी थांबवायला नकार दिला. २०२४ साली बातमी आली की तपासात ठराविक विक्रेत्यांना झुकतं माप दिल्याचं आढळलं. तपासाला साडेचार वर्षं. दादाला साडेचार महिने काढता आले नाहीत.

पण कुठं काही हललंच नाही असंही नाही. जर्मनीत विक्रेत्यांनी तक्रारींचा ढीग लावला. २०१९ साली तिथल्या स्पर्धा कार्यालयाने ॲमेझॉनला अटी बदलायला लावल्या. खातं बंद करायचं तर ३० दिवस आधी कळवायचं, तातडीने बंद करायचं तर कारण द्यायचं. २०२० च्या जुलैपासून सगळ्या युरोपियन युनियनमध्ये असाच नियम लागू झाला. कारण लेखी द्यायचं, माल वर-खाली कशावरून लावतो ते सांगायचं, तक्रार ऐकायची सोय ठेवायची. २०२२ च्या डिसेंबरात तिथं कंपनीला कबूल करावं लागलं की विक्रेत्यांची खाजगी आकडेवारी ती त्यांच्याविरुद्ध वापरणार नाही.

दोस्तांनो, हे नीट बघा. कारण सांगा. आधी कळवा. म्हणणं ऐकून घ्या. पाळी उघड ठेवा. हे युरोपच्या साहेबांनी शोधून काढलेलं नाही. आपल्या गोदीतल्या अंगठेबहाद्दर हमालांनी हेच मागितलं होतं आणि मिळवलं होतं.

मग आपण काय मागायचं? चार गोष्टी. एक, लेखी कारण आणि सुनावणी दिल्याशिवाय खातं बंद नाही, आणि सुनावणी घेणारा माणूस असला पाहिजे, यंत्र नव्हे. दोन, विकून झालेल्या मालाचे पैसे अडकवायचे नाहीत. अडकवायचे तर ठरलेली मुदत, मुदत उलटली की व्याज. तीन, बटण कुणाला आणि का मिळतं ते उघड करा. चार, हाताने माल बनवणाऱ्याला त्याच्या पद्धतीचा पुरावा चालू द्या. चिठ्ठीवरचं चामडं घेऊन जगणाऱ्या माणसाकडं कारखान्याचं बिल मागणं म्हणजे त्याला नाही म्हणण्याची सभ्य रीत आहे.

आणि एक मागणं आपल्या माणसाकडं. विक्रेत्यांची संघटना झालीच पाहिजे. पण ती झाली आणि तिच्यात हाताखालच्या पोरांना जागा नसली तर मी तिच्यात नाही. दादाने त्या दोघांची मजुरी नंतर दिली. दोन हप्त्यांत दिली. न सांगता गेलेल्याला शोधून, त्याच्या गावी पाठवली. मी त्याच्या मागं लागलो म्हणून दिली, हेही सांगतो. कंपनीकडं हिशेब मागायचा तर आपला हिशेब आधी चुकता पाहिजे.

आता शेवटचं. संघटना भाषणाने होत नाही, रजिस्टरने होते. म्हणून वही आणलीय. बैठक संपल्यावर लगेच पांगू नका. ज्याच्या घरात कुणी मोबाईलच्या बाजारात काही विकत असेल, पाकिटं, गोधड्या, लोणची, मेणबत्त्या, काहीही, त्याने थांबावं. मागच्या पानांवर मी रेघा मारून ठेवल्यात. किती कापले, किती अडकले, खातं कधी बंद झालं, कारण काय दिलं. पहिलं नाव दादाचं आहे. त्याच्या पुढच्या कारणाच्या रकान्यात काहीच लिहिलेलं नाही, कारण ते आम्हाला कधी कळलंच नाही.

खाली जागा भरपूर आहे. पेन माझ्याकडं आहे.